पडद्याची दोरी कोणाच्या हाती?

'खाजगी' हा शब्द मराठीत आला तो सरकारी दफ्तराच्या वाटेने. फारसी 'खास'पासून निघालेली 'खासगी' म्हणजे राजाच्या किंवा सरदाराच्या कुटुंबाकडे स्वतंत्रपणे चालणारे उत्पन्न. त्याचा हिशेब दौलतीच्या हिशेबात मिसळावयाचा नसे. होळकरांच्या खासगीचे नाव इंदुराकडे नोकरी केलेल्या वाचकांना परिचित असेलच. पुढे केव्हातरी हा महसुली शब्द सैल होऊन माणसाच्या मनाला चिकटला, आणि आज आपण 'खाजगी बोलणे', 'खाजगी दुःख' असे सहज म्हणून जातो. मूळ अर्थ मात्र पुरता पुसला गेलेला नाही. ज्याचा हिशेब बाहेरच्याला द्यावा लागत नाही ते खाजगी, ही व्याख्या कोणा मानसशास्त्रज्ञाने केली असती तरी आपण ती मान्य केली असती.

या व्याख्येची कसोटी पाहावयाची तर झाशीसारखे दुसरे गाव नाही आणि विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास'सारखे दुसरे पुस्तक नाही. हे पुस्तक बहुतेक वाचक सत्तावन्नच्या धामधुमीची साक्ष म्हणून वाचतात, आणि तसे ते वाचावेच. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. एका माणसाने दुसऱ्या माणसांच्या आयुष्यातले किती पाहावे, पाहिलेले किती सांगावे, आणि केव्हा सांगावे, या प्रश्नांची उत्तरे त्यात पानोपानी, लेखकाच्या नकळत, देऊन ठेवलेली आहेत. इतिहासकारांना त्यांची गरज नसते. साहित्याच्या वाचकाने ती वेचून घेतली पाहिजेत.

पुस्तकाचा जन्मच मुळी आडपडद्यात झाला. वरसईचे हे भिक्षुक घरावरील कर्ज फेडण्यासाठी चुलत्यांसह उत्तरेस निघाले. बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा मिळेल, ही आशा. वाटेत बंडाचा वणवा पेटला आणि यज्ञाऐवजी त्यांनी झाशी पाहिली. पाहिलेले त्यांनी पाव शतक मनात ठेवले. पुढे चिंतामण विनायक वैद्य यांच्या आग्रहावरून १८८३ च्या सुमारास ते लिहून काढले. पण सरकारच्या रोषाचे भय असल्याने छापले गेले ते १९०७ साली, लेखकाच्या पश्चात. छापतानाही वैद्यांनी भाषा सारखी केली, क्रम बदलला, काही मजकूर गाळला. मूळ हस्तलिखित भारत इतिहास संशोधक मंडळाकडे राहिले व त्यावरून दत्तो वामन पोतदार यांनी १९६६ साली असल तशी आवृत्ती प्रसिद्ध केली. म्हणजे पाहणे, लिहिणे, छापणे आणि पूर्ण छापणे या चार क्रियांमध्ये मिळून एकशे आठ वर्षे गेली. एखादी गोष्ट उघड होणे म्हणजे एक दार उघडणे अशी आपली समजूत असते. येथे एकामागे एक चार दारे आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळ्या माणसाच्या कनवटीला आहे.

गोडसे झाशीत येण्यापूर्वीच त्या घराची खासगी सरकारच्या टेबलावर जाऊन पडली होती, हे प्रथम लक्षात घेतले पाहिजे. २० नोव्हेंबर १८५३ रोजी, मृत्यूच्या आदल्या दिवशी, गंगाधरराव नेवाळकरांनी दत्तक घेतला. दत्तविधान हा घरातला विधी. होमाचा अग्नी, जवळचे आप्त, उपाध्याय, एवढ्यांपुरता. पण तो पुढे मानला जावा म्हणून इंग्रज अधिकाऱ्यांना साक्षीस बोलवावे लागले. मरणोन्मुख माणसाने आपल्या बिछान्याशेजारी परक्या राज्यकर्त्याला उभे करून घेतले, ते कागद पक्का व्हावा एवढ्यासाठी. तरीही १८५४ साली डलहौसीने संस्थान खालसा केले. निकालातली मख्खी अशी की दामोदरराव हा खाजगी मालमत्तेपुरता वारस ठरला आणि राज्यापुरता ठरला नाही. खासगी आणि दौलत यांच्यामधली जी रेषा आमच्या दफ्तरांनी घरच्या सोयीसाठी आखली होती, तीच रेषा परक्याने सुरीसारखी वापरली. राणी किल्ला सोडून शहरातल्या वाड्यात राहावयास आली. तोच आजचा राणीमहाल. झाशीला बदली झालेला प्रत्येक मराठी माणूस पहिल्या रविवारी तेथे जातो, आणि तेथे मांडलेली जुनी शिल्पे पाहून परततो. दिवाणखान्याच्या रंगविलेल्या भिंती पाहताना मात्र येथे पडदा कोठे लागत असेल, असा विचार करून पाहावा.

कारण त्या पडद्याच्या दोन साक्षी उपलब्ध आहेत. पहिली जॉन लँग या ऑस्ट्रेलियन वकिलाची. संस्थान परत मिळविण्याच्या कामी सल्ला घेण्यासाठी राणीने त्याला १८५४ साली बोलाविले होते. आत येताना पायांतले बूट काढावे अशी अट निघाली, तेव्हा डोक्यावरची टोपी काढणार नाही अशी त्याने आपली अट घातली; दोन्ही पक्षांनी आपापली अब्रू अशी वाटून घेतल्यावर बोलणे सुरू झाले. राणी पडद्याआड होती. मध्येच लहान दामोदरने पडदा बाजूला सारला आणि लँगला ती क्षणभर दिसली. हे चुकून झाले की मुद्दाम, याचा निर्णय लँगने आपल्या १८५९ च्या पुस्तकात वाचकांवर सोपविला आहे. पण पाहिल्यानंतर त्याने काय लिहिले? बांधा, चेहऱ्याची गोलाई, डोळे, नाक, वस्त्र, आवाज. आवाज त्याला आवडला नाही, तेही लिहिले. क्षणभर मिळालेल्या दर्शनाची त्याने पुरेपूर यादी केली. तिचे वकीलपत्र घेतलेल्या माणसाने हे करावे, याचे आम्हांस अजून आश्चर्य वाटते. पण प्रवासवर्णनाच्या तत्कालीन इंग्रजी बाजारात पडद्यामागची बाई हा चांगला खपणारा माल होता, हे विसरून चालणार नाही.

दुसरी साक्ष गोडश्यांची. त्यांना ती वेढ्यापूर्वीच्या दिवसांत अनेकदा दिसली. पहाटेचा व्यायाम, घोड्यावरची रपेट, स्नान, शुभ्र वस्त्र, तुळशीची आणि पार्थिवाची पूजा, पुराणश्रवण, मग कचेरी. महालक्ष्मीच्या दर्शनास कधी पालखीतून तर कधी घोड्यावरून जाणे. कचेरीत कधी पुरुषी पोशाख तर कधी स्त्रीवेष. कचेरीला लागून असलेल्या खोलीत पडद्याआड बैठक आणि तेथून कारकुनांना सांगितले जाणारे हुकूम. तपशील लँगपेक्षा किती तरी अधिक आहेत. तरीही वाचताना आपण कोणाच्या घरात डोकावलो असे वाटत नाही. असे का व्हावे?

भटजी सज्जन होते एवढे म्हणून हा प्रश्न सुटत नाही. जुन्या मराठी घरात उपाध्याय हा पाहणारा म्हणून गणलाच जात नसे. मुलाची जन्मवेळ, मुलीची पत्रिका, सुतक, सोयर, सुनेची ओटीभरणी, कर्त्या पुरुषाचे अखेरचे दान, या सर्व ठिकाणी तो असे. आणि असूनही त्याच्यासमोर कोणी संकोचत नसे. आजच्या डॉक्टराची किंवा जुन्या मोलकरणीची जागा काहीशी अशीच असते. ज्याला घरातले सर्व माहीत असते त्याच्यापासून लपवावयाचे नसते. ते त्याने चव्हाट्यावर नेऊ नये एवढाच न बोललेला करार असतो. यावरून माणसाला एकांत हवा असतो म्हणजे कोणीच नको असते, ही समजूत किती अपुरी आहे ते ध्यानात येते. त्याला आपला प्रेक्षक आपण निवडावयाचा असतो. लक्ष्मीबाईंनी भटजींना पूजेच्या वेळी येऊ दिले आणि कचेरीतील लोकांना पडद्याबाहेर ठेवले. कचेरीत पुरुषवेषात बसावयाचे की पडद्याआड, हेही त्यांनीच ठरविले. लँगच्या वेळी दोरी मुलाच्या हाती गेली होती, किंवा गेली असे दाखविण्यात आले होते. तिसऱ्या एखाद्या तऱ्हेने ती कोणी ओढली असती तर तो राणीचा अपमान झाला असता.

येथे एक आडवळण घ्यावेसे वाटते. आपल्या वाड्यांच्या रचनेत ओटी, पडवी, माजघर, देवघर असे. एका माणसाची म्हणून खोली नसे. नवविवाहित जोडप्यालासुद्धा ती रात्रीपुरती मिळे. अशा घरात एकांत कोठून यावा? तो जागेतून येत नसे, वेळेतून येई. सोवळ्यात असलेल्या माणसाला शिवावयाचे नाही, जप चालू असता बोलावयाचे नाही. दोन घटका का होईना, माणूस सर्वांच्या देखत सर्वांपासून दूर. सोवळ्याओवळ्याने आपल्या समाजात जो अन्याय केला त्याचे समर्थन येथे कोणाला करावयाचे नाही. पण त्याच्या आश्रयाने अनेक जीवांनी थोडा श्वास घेतला हेही खरे. बायकांना महिन्याचे चार दिवस बाजूला बसावे लागे, त्यात मानहानी होती. आणि कित्येकींना कामाच्या रगाड्यातून तेवढीच काय ती फुरसत होती.

हे मनात धरूनच गंगाधररावांविषयीच्या त्या प्रसिद्ध मजकुराकडे वळले पाहिजे. गोडसे लिहितात की महाराज कधी कधी स्त्रीवेष धारण करीत, हातांत बांगड्या भरीत, आणि महिन्यातून चार दिवस बायकांप्रमाणे दूर बसत. इंग्रज अधिकाऱ्याने कारण विचारता, तुम्ही साऱ्या राजांना बांगड्याच भरावयास लावल्या आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले, असेही पुढे आहे. हा मजकूर वाचून कोणी हसतात, कोणी रागावतात. गंगाधररावांना नाटकाचा षोक होता, ते स्वतः स्त्रीपार्टी करीत, तेवढ्यावरून गावाने ही कथा रचली असेल, असे म्हणून कोणी तो निकालात काढतात. तसेही असेल. आमचे म्हणणे निराळे आहे. ही हकीकत गोडश्यांनी पाहिलेली नाही. ते झाशीस पोहोचले तेव्हा महाराजांना जाऊन चार वर्षे होत आली होती. ही गावाने सांगितलेली गोष्ट आहे. जिवंत राणी पडदा ओढू शकत होती. मेलेल्या राजाला तो हात नव्हता. पुस्तकातला राणीचा भाग आणि राजाचा भाग यांच्या पोतामध्ये जो फरक जाणवतो त्याचे मूळ येथे आहे.

आणि तरीही, गावगप्प म्हणून पाहिली तरी ती कथा अर्थपूर्ण आहे. ज्या राजाकडे एजंटाने केव्हाही यावे, काहीही विचारावे, खजिन्यापासून दत्तकापर्यंत प्रत्येक गोष्टीचा जाब मागावा, त्या राजाने अशी कोणती खोली शोधावी की जेथे एजंटाचे पाऊल पडणार नाही? लोकांच्या कल्पनेने त्याला बायकांच्या चार दिवसांच्या कोपऱ्यात नेऊन बसविले. तेवढी एकच जागा उरली होती. हा आमचा तर्क आहे. पण ज्या गावाने ही कथा रचली वा जपली, त्याला आपल्या राजाची कोंडी कळली होती असे वाटल्यावाचून राहत नाही. गोडश्यांनी बांगड्यांबरोबर ते उत्तरही लिहून ठेवले, हा त्यांचा मोठेपणा. नुसत्या बांगड्या लिहिल्या असत्या तर ती कुचाळकी झाली असती.

अशा मजकुराशी संपादकाने कसे वागावे? लक्ष्मीबाईंचे पहिले मोठे मराठी चरित्र दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी १८९४ साली लिहिले. त्या वेळी दामोदरराव इंदुरास हयात होते. ते १९०६ साली वारले. चरित्रातला सूर जो आदबीचा, थोडासा दरबारी आहे, तो अशा परिस्थितीत समजण्याजोगा आहे. वैद्यांनी १९०७ साली कात्री चालविली तीही केवळ भित्रेपणाने चालविली असे आम्ही म्हणणार नाही. पण कात्रीने रक्षण कोणाचे झाले हे पाहिले पाहिजे. गाळलेल्या मजकुरातील माणसे केव्हाच गेली होती. रक्षण झाले ते वाचकांच्या मनातील चित्राचे. कुटुंबाची लाज आणि वाचकाची सोय या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. आपल्या चरित्रवाङ्मयात त्यांची गल्लत इतकी नेहमीची झाली आहे की थोर पुरुषाच्या घरातले भांडण गाळणे म्हणजे त्याच्या खाजगी आयुष्याचा मान राखणे, असे आपल्याला प्रामाणिकपणे वाटू लागले आहे. पोतदारांनी मूळ प्रत छापून ही गल्लत निदान एका पुस्तकापुरती दूर केली. उलट बाजूने हेही सांगितले पाहिजे की असल आवृत्ती हाती आल्यावर तीतून नेमकी तेवढीच चार पाने उघडणारा वाचक वैद्यांपेक्षा अधिक सुसंस्कृत ठरत नाही.

पुस्तकातील सर्वांत भयंकर पाने ३ एप्रिल १८५८ नंतरची. सर ह्यू रोजची फौज शहरात शिरली, आणि दुसऱ्या दिवशी रात्री राणी बाहेर पडली. मागे राहिलेल्या शहराचे जे झाले ते गोडश्यांनी लपून बसून पाहिले. कत्तलीचे वर्णन अंगावर येतेच. पण लुटीचे वर्णन नीट वाचावे. सोनेरुपे आणि जडजवाहीर यांपासून सुरुवात होऊन ती भांड्यांवर, कपड्यांवर, शेवटी धान्यावर येते. म्हणजे लुटारू तिजोरीपासून माजघरापर्यंत आणि माजघरापासून कोठीपर्यंत एकेक उंबरा ओलांडीत आत येत गेले. घरात कोठे काय ठेवावयाचे, कोणती वस्तू पाहुण्याला दिसावी आणि कोणती दिसू नये, याची जी सूक्ष्म व्यवस्था प्रत्येक गृहिणी वर्षानुवर्षे लावीत असते, ती काही दिवसांत उलटी होऊन रस्त्यावर आली. झाशीचे नावाजलेले ग्रंथालयही नष्ट झाले, आणि त्याचे दुःख भटजींना सोन्याहून अधिक झालेले दिसते. जीव वाचलेल्या माणसालाही अशा वेळी आपण उघडे पडलो ही वेदना वेगळी होते, हे मानसशास्त्राच्या पुस्तकात वाचण्यापूर्वी आम्ही या पानांवर वाचले.

त्यानंतर काल्पीच्या वाटेवरची विहीर येते. पठाणी वेष, धुळीने माखलेला चेहरा, तहान. गोडसे पाणी काढून देऊ लागतात. बाई त्यांना थांबवून स्वतःच पाणी घेते आणि ओंजळीने पिते. आपण विधवा, आपल्याला लागतात ते मूठभर तांदूळ, हा उद्योग आपण आपल्यासाठी केला नाही, अशा अर्थाचे चार शब्द ती बोलते. पडदा नाही, वाडा नाही, दासी नाही. पूर्ण उघड्यावर झालेले हे संभाषण या पुस्तकातील सर्वांत खाजगी संभाषण आहे. बोलावयाचे कोणाशी, हे तिने निवडले होते. आणि ज्याच्याशी ती बोलली त्याने त्याचा काय उपयोग केला? पुढल्या वाक्यात तो आपल्या मार्गाला लागतो. राणीने आपल्यापाशी मन मोकळे केले असा टेंभा नाही, तिच्या मनाचे विवरण नाही. लँगने क्षणभराच्या दर्शनातून एक पूर्ण बाई तयार केली. गोडश्यांनी एका पूर्ण बाईकडून ओंजळभर शब्द घेतले आणि तेवढेच ठेवले. गद्यलेखक म्हणून त्यांची थोरवी आम्हांला येथे सर्वांत अधिक वाटते.

परप्रांती सरकारी बंगल्यांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना या विवेचनाचा एक अनुभव रोजचा आहे. 'गोपनीय' हा शब्द आपल्या धारिकेवर असतो, आणि ती धारिका आपल्याविषयीची असूनही वर्षानुवर्षे आपल्यालाच गोपनीय होती. प्रतिकूल तेवढेच कळवावयाचे, बाकी नाही. २००८ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक शेरा अधिकाऱ्यास कळविला पाहिजे असा निर्णय दिला तेव्हा कोठे ही दोरी थोडी इकडे आली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी त्याच न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असे एकमताने सांगितले. निकाल स्वागतार्ह आहे. पण ज्या पिढीने आपले कर्ज शेजाऱ्याला मोकळेपणी सांगितले आणि पत्नीचे नाव चारचौघांत घेतले नाही, आणि जी पिढी मुलीच्या लग्नाची छायाचित्रे जगाला दाखविते पण पगार सख्ख्या भावाला सांगत नाही, त्या दोघींचा खाजगीपणा एकच आहे काय? भटजींनी आपल्या कर्जाची गोष्ट पहिल्याच पानांत, कसलाही संकोच न धरता सांगितली आहे. त्यांना त्यात लपविण्याजोगे काही वाटले नाही. आपल्यातील बहुतेकांना वाटले असते. कुंपण सरकते, पण प्रत्येक पिढी कोठे ना कोठे ते घालतेच.

'माझा प्रवास'मध्ये एक व्यक्ती अशी आहे की जिच्याभोवती कोणी कुंपण घातले नाही. नारायणशास्त्री नामक विद्वान ब्राह्मणाचा मेहतर समाजातील एका स्त्रीशी संबंध उघडकीस येऊन झाशीत गहजब झाला, ती हकीकत भटजींनी तपशिलाने दिली आहे. शास्त्रीबुवांचे पाप, ब्रह्मवृंदाची भ्रष्टता, प्रायश्चित्ताचा प्रश्न, हे सर्व त्यांच्या दृष्टीने सार्वजनिक. त्या स्त्रीचेही काही झाकण्याजोगे असेल, ही शंका लेखकाला आली नाही, आणि त्या काळच्या दुसऱ्या कोणाला आली असती असेही वाटत नाही. झाशीतच वकिली केलेले हिंदी कादंबरीकार वृंदावनलाल वर्मा यांनी आपल्या १९४६ च्या लक्ष्मीबाईंवरील कादंबरीत या जोडीला जागा दिली, तिला छोटी हे नाव दिले, आणि तिच्या बाजूने थोडे पाहिले. मराठीत ते अजून कोणी केलेले नाही. पोतदारांची आवृत्ती ज्यांच्या हाती येईल त्यांनी ती पाने वाचताना शास्त्रीबुवांना क्षणभर बाजूला ठेवावे.